कांताबाईचा हात

कांताबाई कोपरगाव सोडून गेली, पण अजूनही एखादी बाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येते, रुमालाची गाठ सोडते, तुटलेली मोत्यांची माळ माझ्यापुढे ठेवते आणि विचारते, "त्या कांताबाई कुठं बसतात हो?"

मी सांगते, "त्या गेल्या पाथर्डीला. मी देते की गाठवून."

मग ती बाई जरा वेळ माळेकडे बघते, जरा वेळ माझ्या हातांकडे. काही बायका माळ ठेवून जातात. काही जणी रुमाल पुन्हा बांधतात आणि म्हणतात, "बघते, यांना विचारून येते." त्यांच्या यांना मोत्यातलं काय कळतं, हे मला विचारू नका.

माझे वडील, अण्णा, पटवेकरी होते. सोनार दागिना घडवतो. पण काळी पोत, पोवळं, मोती, असं जे दोऱ्यात ओवायचं असतं ते ओवून, गाठी मारून, गळ्यात घालण्याजोगं करतो तो पटवेकरी. सराफ गल्लीत एका जिन्याखाली अण्णांची जागा होती. दोन माणसं आत बसली की तिसऱ्यानं गल्लीत उभं राहायचं. डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवून, पाठीचा कणा भिंतीला टेकवून अण्णा दिवसभर बसत. मी त्या जिन्याखालीच वाढले. शाळेतून आले की दप्तर टाकून काळे मणी ओवायला बसायची. पोत मला झोपेतसुद्धा ओवता आली असती. मोती मात्र अण्णा देत नसत.

"मोत्यानं डोळे जातात," ते म्हणत. "तुझं लग्न व्हायचंय अजून."

मला ते तेव्हा मायेचं बोलणं वाटे.

कांताबाई पहिल्यांदा आली ती ऊसतोडीच्या हंगामात. पाथर्डीकडची टोळी कारखान्याच्या मागं उतरली होती, त्यातली ती. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. उंच, हाडापेरानं दणकट, डोक्याला फडकं बांधलेलं. फडात तिची पोत तुटली होती, आणि मातीतून वेचलेले मणी तिनं पदरात बांधून आणले होते. ते अण्णांपुढे सोडले आणि म्हणाली, "दोरा तेवढा द्या. मीच ववते."

अण्णा हसले. "मग आमी काय करायचं?"

"तुमी बगा की. चुकलं तं सांगा."

अण्णांनी दोरा दिला. मी शेजारीच बसले होते. उसाच्या पानांनी तिची बोटं चिरली होती, आणि त्या चिरांत दोरा कुसळासारखा अडकत होता. तिला वेळ लागला. मी तेवढ्यात दोन पोती ओवल्या असत्या. पण शेवटी तिनं जी गाठ मारली, ती अण्णांनी हातात घेतली, नखानं दाबून पाहिली, ओढून पाहिली, आणि विचारलं, "ही गाठ कुणी शिकवली?"

"कुनी शिकवायची? मोळी बांधतो की आमी. सैल बांधली तं डोक्यावरनं सांडती."

"हात बरा आहे," अण्णा म्हणाले.

अण्णांच्या तोंडून 'बरा' हा शब्द सहज निघत नसे. मी इतकी वर्षं त्यांच्याजवळ बसत होते, मला तो मिळाला नव्हता. मग त्यांनी तिला सांगितलं, "पण ही बोटं आडवी येतात. असल्या बोटांना रेशीम नाही चालायचं."

तिनं आपली बोटं उलटसुलट करून पाहिली, पोत गळ्यात घातली आणि निघून गेली. विषय संपला असं मला वाटलं.

हंगाम संपल्यावर टोळी परत गेली. कांताबाई गेली नाही. तिच्या नवऱ्याला एका गोदामावर राखणदाराचं काम मिळालं होतं. उन्हाळा सरता सरता ती पुन्हा जिन्याखाली आली आणि दोन्ही हात अण्णांच्या तोंडासमोर धरून म्हणाली, "आता बगा."

ते हात मी पाहिले आणि माझे हात ओढणीखाली घेतले. सगळा उन्हाळा तिनं दुसरं काही केलंच नव्हतं बहुतेक. वजरीनं घासून, खोबरेल चोळून, रात्री दुधाची साय लावून, वर फडकं गुंडाळून झोपून तिनं ते हात नवे करून आणले होते. अण्णांनी रेशमाची लड तिच्या बोटांवरून ओढली. कुठंही अडकली नाही.

दुसऱ्या दिवसापासून ती माझ्या जागेवर बसायला लागली. दुसरी जागाच नव्हती. मी कॉलेजातून आले की गल्लीत उभी राहायची, नाहीतर घरी जायची.

हातांचं ते खूळ तिच्या अंगात शेवटपर्यंत राहिलं. गवई गळ्याला जपतात तसं तिनं बोटांना जपलं. भांडी तिनं कधी घासली नाहीत. घरी नवरा घासायचा, आणि गोदामावरचे लोक त्याला त्यावरून चिडवत, पण त्यानं ते कधी मनावर घेतलं नाही. आमच्या घरी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आली, तेव्हा सगळ्या बायका उठून आईला मदत करू लागल्या. कुणी वाटाणे सोलत होतं, कुणी कप विसळत होतं. कांताबाई खुर्चीवर बसून राहिली. एका आत्याबाईंनी टोमणा मारला, "तुमच्या हाताला मेंदी लागलीय का हो?"

"मेंदी कशापायी," कांताबाई म्हणाली. "उद्या सकाळी मोती हायेत मला. साबनानं बोट फुगतं."

आणि आईनं, माझ्या सख्ख्या आईनं, तिच्या हातात चहाचा कप दिला तोही कपाच्या कानाला फडकं गुंडाळून, चटका बसू नये म्हणून. मी त्या दिवशी सगळे कप विसळले.

तिच्यात नम्रपणा नावाला नव्हता, हे इथंच सांगून टाकते. गेलेल्या माणसाबद्दल बोलताना लोक त्याला देवघरात बसवतात. कांताबाई गावाहून गेलीय, जगातून नाही, आणि असती इथं तर स्वतःच म्हणाली असती, "व्हय, हाये मी शिष्ट." आपलं काम चांगलं आहे हे तिला माहीत होतं, आणि समोरच्यालाही ते माहीत असलंच पाहिजे असं तिला वाटे. गल्लीतून जाणाऱ्या बाईच्या गळ्यात वाकडी माळ दिसली की ही आतून हाक मारायची, "ओ ताई! कुनी ववली ती? माळ हाये का मुंडावळी?"

दोरा निवडायची तिची रीत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. अण्णा दोरा दोन बोटांत धरून पिळून पाहत. ही डोळे मिटायची आणि दोरा खालच्या ओठावरून सावकाश ओढायची. कुठं बारीकशी गुठळी असली, पीळ सैल पडला असला, की थांबायची. "हितं." तेवढा तुकडा कापून टाकायची. बोटांवर तिचा पहिल्यापासून भरवसा नव्हता, म्हणून ओठ. येवल्याच्या पैठणीवाल्यांकडे अण्णा रेशीम आणायला जात, तेव्हा आता तिला घेऊन जायला लागले. आधी मला नेत. परत आल्यावर ते आईला सांगत, "अगं, कांतानं त्या माणसाची अख्खी लड बाजूला टाकली. म्हणाली, हिला घाम लागलाय." आणि हसत. येवल्याहून येताना अण्णांना मी कधी इतकं हसवलं नव्हतं.

घरी कुणी नसताना मी आरशासमोर उभी राहून ओठावरून दोरा ओढून पाहिला. गुदगुल्या झाल्या. बाकी काही कळलं नाही.

मोती ओवताना खरी अडचण सुईची असते. मोत्याचं भोक इतकं बारीक की दुहेरी दोरा घेऊन सुई जातच नाही. जुन्या मोत्यात तर दोऱ्यानंसुद्धा श्वास धरून जावं लागतं. अण्णा पितळेची बारीक तार पिळून सुया करत, त्या वाकत, मोडत. कांताबाईनं माझ्या विजूचं इजू करून टाकलं होतं. एक दिवस तिनं माझ्याकडे बघून विचारलं, "इजू, तू नखाला लावती ते काय असतं गं? वाळल्यावर कडक हुतं ते?"

"नेलपॉलिश."

"आन बरं जरा."

मी नवी गुलाबी बाटली आणली होती, लग्नकार्यासाठी जपून ठेवलेली. तिनं दोऱ्याचं टोक त्यात बुडवलं, वाळू दिलं, कात्रीनं तिरकं कापलं. ते टोक सुईसारखं मोत्यातून आरपार गेलं. अण्णा बघतच राहिले. त्यानंतर गल्लीतले सगळे सोनार म्हणायला लागले, "कांताबाईची गुलाबी सुई." बाटली माझी होती. ती संपली तेव्हा तिनं नवी आणली, पण लाल. गुलाबी मिळाली नाही म्हणाली.

एकदा कारखान्याच्या कुणा संचालकाच्या पत्नी मोटारीतून आल्या. सगळे त्यांना बाईसाहेब म्हणत. त्यांच्याकडे सासूबाईंचा बसरा मोत्यांचा सर होता, पिवळसर झाक असलेला, कुठं गोल, कुठं तांदळासारखा लांबट मोती. मुलीच्या लग्नात घालायचा होता. त्यांचं म्हणणं होतं, नायलॉनच्या पक्क्या दोऱ्यात घट्ट ओवा. म्हणजे तुटायची भीती नाही आणि सर ताठ दिसेल.

अण्णा काही बोलायच्या आत कांताबाईनं सर त्यांच्यापुढे सरकवला. "मग हे काम आमचं न्हाई."

"म्हणजे?"

"बाईसाहेब, ही माळ हाये, दावं न्हाई. ताठ ठेवली तं गळ्यावर काठीवानी उभी ऱ्हाती. रेशमात ववली तं गळ्याला बिलगती. आन नायलॉन तुटत न्हाई हे खरं, पर ते आतून मोत्याला चिरतं. तुमाला दोरा वाचवायचा का मोती?"

"मी सांगते तसं करायचं," बाईसाहेब म्हणाल्या.

"तसं करनारे लई हायेत. पलीकडच्या गल्लीत बगा."

मोटार गेली. अख्ख्या गल्लीनं ऐकलं होतं. मी अण्णांकडे पाहिलं. असं मोठं घर हातचं गेलं होतं, आणि मी जर गिऱ्हाइकाशी असं बोलले असते तर अण्णांनी मला महिनाभर दुकानाची पायरी चढू दिली नसती. अण्णांनी पायाच्या अंगठ्यावरचा दोरा सारखा केला आणि म्हणाले, "चहा सांग गं कांता."

बाईसाहेब परत आल्या नाहीत. लोकांना वाटतं अशा गोष्टीत माणूस परत येऊन माफी मागतो. त्यांनी तो सर नायलॉनमध्ये ओवून घेतला, लग्नात घातला, आणि तो ताठच दिसत होता. मी जेवायला गेले होते, डोळ्यांनी पाहिला. घरी येऊन मी हे मुद्दाम कांताबाईच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "काठीवानीच दिसत आसंल." मी हो म्हणाले नाही.

माझ्या स्वतःच्या लग्नाच्या वेळची गोष्ट. सासर गावातच होतं, दोन गल्ल्या सोडून. आईचा मोत्यांचा दुपदरी सर मला मिळणार होता आणि त्याचा दोरा काळा पडला होता. अण्णा म्हणाले, "कांताकडे दे, नवा करून देईल."

"माझं लग्न आहे. तुम्ही करा."

"माझे डोळे आता कुठं तेवढे..."

"मग मी करते," मी म्हणाले. अण्णा नाही म्हणाले नाहीत. बहुधा लग्नघरात वाद नको म्हणून.

पहिल्यांदाच माझ्या हातात मोती आले. दोन मोत्यांमध्ये गाठ मारायची असते, म्हणजे मोती एकमेकांना घासत नाहीत आणि दोरा तुटलाच तर सगळे घरंगळत जात नाहीत. गाठ सैल असतानाच तिच्या फेऱ्यात टोकदार काही घालून ती मोत्याच्या अगदी अंगाला ढकलत न्यायची आणि मग आवळायची. अण्णांकडे त्यासाठी साळिंदराचा एक काटा होता, त्यांच्या वडिलांचा, वापरून वापरून काचेसारखा गुळगुळीत झालेला. मी माझ्या शाळेच्या कंपासपेटीतलं कर्कटक घेतलं. जेवणखाण सोडून दोन्ही पदर पुरे केले. मला ते सुंदर दिसत होते.

हळदीच्या दिवशी बायकांच्या घोळक्यात कांताबाई माझ्याजवळ आली. सराला हात लावला, जरासा उचलला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "इजू, खालच्या पदरात एक गाठ हसतीया."

तिचा तो शब्द होता. गाठ मोत्याला चिकटून न बसता जरा दूर राहिली आणि मधे दोरा उघडा दिसला, की ती म्हणायची गाठ हसते.

"हसू दे," मी म्हणाले. "लग्न आहे माझं."

बायका खळखळून हसल्या. मला वाटलं, जिंकले. पण मांडवात, सप्तपदीच्या वेळी, सगळ्या फोटोंत माझी मान खाली आहे. लोकांना वाटतं मी लाजत होते. मी ती गाठ शोधत होते. सापडली.

लग्नानंतर मी घरीच कामं घ्यायला लागले. बाजारातले खोटे मोती, नायलॉन, तयार हुक. झटपट काम, शाळेतल्या बाया, नाटकवाले, नवरात्रातले सेट. बरं चाललं होतं. पण एकदा कांताबाई भावकीतल्या लग्नाला पाथर्डीला गेलेली असताना शेजारच्या एक बाई माझ्याकडे सर घेऊन आल्या. "दोरा मळलाय, कार्य तोंडावर आलंय, कांताबाई नाहीत, तुम्हीच द्या करून."

मोत्याचा सर नवा करायचा तर जुना कापावाच लागतो. मी दिव्याखाली धरला. गाठ ओळखीची होती. मी प्रत्येक गाठ कापायच्या आधी पाहिली. कुठं तरी एखादी हसत असेल, एखादी तरी. तेवढ्यासाठी मी तो सर दुपारभर कापत होते. एकही सापडली नाही. सापडलं ते दुसरंच. हुकाजवळच्या शेवटच्या गाठी तिनं मुद्दाम किंचित लहान मारल्या होत्या, आणि दोरा आवळण्याआधी बहुतेक वजन लावून ताणून घेतला होता. म्हणून तिची माळ वापरूनही लोंबत नसे. आणि मेण लावलेलं नव्हतं. आम्ही सगळे लावायचो.

त्यानंतर मी शेजारपाजारी सांगून ठेवलं, मळलेले सर माझ्याकडे द्या, लगेच करून देते. तिचे सर माझ्याकडे यायला लागले. तिनं मला काही शिकवलं नाही. मी तिचं कापून कापून शिकले.

तोवर अण्णांचे डोळे पार गेले होते. साखरेच्या आजारानं गेले, मोत्यांनी नाही. दुकान कांताबाई चालवायची. ज्या दिवशी अण्णांनी बसणं सोडलं त्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना घरी बोलावलं. मला आजीची सोन्याची बोरमाळ दिली. तिला साळिंदराचा काटा दिला. नातेवाईक म्हणाले, बघा, शेवटी पोटची ती पोटची. मी बोरमाळ कपाटात ठेवली. तिथंच आहे.

कांताबाई रोज संध्याकाळी दुकान बंद करून अण्णांकडे यायची. दिवसभराचं काम त्यांच्या हातात द्यायची. ते बोटांनी चाचपून बोलायचे, ती बोलायची. मीही त्याच वेळी जायचे. मुद्दाम.

अशाच एका संध्याकाळी मी माझा एक सर नेला. खरे मोती, येवल्याचं रेशीम, ताणून घेतलेलं, मेणाशिवाय. कांताबाई समोर बसली होती. मी न बोलता सर अण्णांच्या ओंजळीत ठेवला. त्यांनी तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोटांतून सोडला. मग पुन्हा. त्यांचा चेहरा असा मऊ झाला की मला रडू येईल असं वाटलं.

"वा," ते म्हणाले. "याला म्हणतात कांताचा हात."

आई दारात उभी होती, ती माझ्याकडे बघायला लागली. मी गप्प राहिले. आणि मनात म्हटलं, आता ही पण गप्प राहील, आणि हे पण हिच्याच नावावर जाईल.

"ओ आण्णा," कांताबाई जवळजवळ ओरडलीच. "ह्यो माझा हात न्हाई हां! मी आसली गाठ मारीत न्हाई. माझी यापरीस बरी बसती."

"मग कुणाचा?"

"इजूचा हाय."

अण्णा आवाजाच्या दिशेनं, म्हणजे तिच्याकडेच, तोंड करून म्हणाले, "विजूला मोती कुणी दिले?"

"घेतलं आसत्याल तिनं," कांताबाई म्हणाली. "कुनी देतंय का कुनाला?"

अण्णांनी सर पुन्हा हातात घेतला. या वेळी खूप सावकाश. शेवटच्या मोत्याशी ते थांबले.

"मग बरा आहे," ते म्हणाले.

एवढंच. त्या 'मग'चा अर्थ मी आजतागायत लावते आहे. विजूचा आहे तर मग त्या मानानं बरा, की कांताचा नाही म्हणतेस तर मग खरंच बरा? अण्णा गेले आणि विचारायचं राहून गेलं. कांताबाईला एकदा विचारलं तर म्हणाली, "बरा म्हनलं ना? मला तेवढ्यावर बसवलं हुतं त्यांनी. तुला अजून काय पायजे?"

अण्णा गेल्यावर मी सराफ गल्लीतच, तिच्या समोरच्या बाजूला, दोन दुकानं सोडून छोटी जागा घेतली. कोपरगावात लोकांना वाटलं, आता या दोघी भांडणार. आम्ही भांडलो नाही. सकाळी शटर उघडताना ती विचारायची, "च्या पिली का?" मी म्हणायची, "पिले." दिवसभर मी तिच्या पायरीवरची गर्दी बघायची. नगरहून, शिर्डीहून सोनार तिच्याकडे मोती पाठवत. तिच्या पायरीवर बायका ताटकळत बसत आणि माझी पायरी रिकामी असली तरी उठून इकडे येत नसत. ती त्यांना सांगायचीसुद्धा, "त्या इजूकडं जा की, ती बी करती." हे 'ती बी' ऐकून तर माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्या बायका माझ्याकडे बघून हसायच्या आणि तिथंच बसून राहायच्या.

माझी एकच इच्छा होती, आणि ती लपवण्यात काही अर्थ नाही. तिचं वय होत होतं. एक दिवस तिचे डोळे अंधूक होतील, बोट थरथरेल, आणि कुणीतरी तिचा सर माझ्याकडे घेऊन येईल ज्यात एक गाठ हसत असेल. मी ती कापणार नव्हते. तशीच ठेवून घेणार होते.

तसं झालं नाही. तिच्या मुलीनं पाथर्डीत दागिन्यांचं छोटं दुकान घातलं, आणि आईला म्हणाली, आता माझ्याजवळ ये. कांताबाईनं आठवड्याभरात सामान आवरलं. हात तसाच होता. जाण्याच्या आदल्या दिवशी तिनं केलेला सर मी एका सोनाराकडे पाहिला, दुसऱ्याच काही कामाचं निमित्त काढून. दिव्याखाली धरला. काही नव्हतं.

तिला सोडायला मी एसटी स्टँडवर गेले. कशाला गेले ते ठाऊक नाही. नवरा आधीच सामान घेऊन टेम्पोनं गेला होता. ती एकटीच एक पिशवी घेऊन उभी होती, आणि गाडी लागल्या लागल्या पुढच्या खिडकीची जागा पकडायला दोन तरण्या पोरांना कोपरानं बाजूला सारून चढली. खिडकीत बसल्यावर मला म्हणाली, "इजू, लोकांना सांगितलंय मी. समदी आता तुझ्याकडं येत्याल."

"तुमचीच येतील," मी म्हणाले.

"मग? माझी म्हनजी काय वाईट हायेत का?"

मी म्हटलं, "पोचल्यावर फोन करा." ती म्हणाली, "करते." करणार नव्हती, आणि तिनं केलाही नाही.

कंडक्टर अजून खालीच गप्पा मारत उभा होता. मी तिथंच थांबले, गाडी हलेपर्यंत थांबावं म्हणून. तेवढ्यात तिच्या शेजारी एक बाई येऊन बसली. तालुक्याला दवाखान्यात वगैरे आली असावी, हातात औषधांची पिशवी होती. गळ्यात जत्रेत मिळते तशी प्लॅस्टिकच्या मोत्यांची माळ. कांताबाईनं ती पाहिली. ओळख नाही, पाळख नाही, सरळ त्या बाईच्या गळ्याशी हात नेला, माळ बोटावर उचलली आणि काहीतरी म्हणाली. काय ते खिडकीबाहेर ऐकू आलं नाही. ती बाई आधी दचकली, मग हसली.

कंडक्टरनं घंटी दिली. मी निरोपाचा हात वर केला. कांताबाईचं लक्ष नव्हतं. गाडी वळताना मला एवढंच दिसलं, की त्या अनोळखी बाईनं मागं हात नेऊन माळेचा हूक काढला होता, आणि माळ आपण होऊन कांताबाईच्या हातात दिली होती.